सत्त्याऐंशी नंबर आणि माझी सेवा

चहा पूर्ण कप ओता, बाबांनो. अर्ध्या कपात मावणारा गाढवपणा नाही हा! माझी बायको हा किस्सा दरवर्षी, झाडाला बहर आला की, अख्ख्या सोसायटीला ऐकवते. ती सांगते त्यात मी आहे त्यापेक्षा दुप्पट गाढव निघतो. म्हणून म्हटलं, एकदा आपल्याच तोंडाने सांगून टाकावा. निदान मापात तरी राहील.

तर ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. ठाण्याजवळच्या बाळकुमला तेव्हा टॉवर-बिवर काही नव्हते. शेतं, खाडीचा वारा आणि संध्याकाळी डास, संपलं. तिथे एका विद्यापीठाने भाड्याने घेतलेला प्लॉट होता. तारेचं कुंपण, पत्र्याची शेड, एक विहीर आणि मागच्या बाजूला एक पडकी भिंत. ही भिंत लक्षात ठेवा हां. तिच्यामागे माझी इज्जत गेली, आणि परत मिळाली तीही तिच्याचमागे. थोडीशी.

मी तिथे फील्ड असिस्टंट म्हणून लागलेलो. नाव केवढं! आणि काम काय? पाणी घाला, तण काढा, कुंपणातून शेळ्या घुसल्या की त्यांच्यामागे पळा. पण गावात मी ऐटीत सांगायचो, ‘विद्यापीठात आहे!’ खोटं काय त्यात? शेळ्यांमागे पळायचो ते विद्यापीठाच्याच जागेत ना?

माझ्या साहेब म्हणजे गायकवाड मॅडम. डॉक्टर गायकवाड. ठाकुर्लीच्या रेल्वे चाळीत वाढलेल्या, वडील रेल्वेत फिटर. उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, आवाज हळू, पायात कायम चिखलाने भरलेले कॅनव्हासचे बूट. पण काय बाई होत्या त्या! नुसतं त्यांचं काम बघत बसावं असं वाटायचं.

काम कसलं? झाडांची लग्नं लावायचं! हसू नका, खरंच. एका बाजूला आपलं तामण. महाराष्ट्राचं फूल, जांभळं, दणकट, रोगाला दाद न देणारं. पण वाढतं अवाढव्य. डोंबिवलीच्या गल्लीत लावलं तर दोन वर्षांत विजेच्या तारांत. दुसऱ्या बाजूला सावनी. तिची आपली छोटीशी उंची, अंगभर फुलं, बघत राहावं असं रूप. पण बिचारी जन्माची आजारी. भुरी नावाचा रोग तिच्या पाचवीलाच पुजलेला. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं पडतं आणि कळ्या उमलायच्या आधीच वाळतात.

मॅडमना काय हवं होतं? सावनीचं रूप आणि तामणाची तब्येत, दोन्ही एकाच झाडात! लहान चणीचं, भरपूर फुलणारं आणि औषध न मारता जगणारं.

“म्हात्रे, गल्लीगल्लीत औषधाचा पंप घेऊन कोण फिरणार?” त्या म्हणायच्या. “खाली मुलं खेळतात, वर बायकांची वाळवणं असतात. झाडच असं हवं की त्याला औषध लागूच नये.”

एकदा डबा खाताना त्यांनी सांगितलेलं. चाळीतल्या नळापाशी त्यांच्या वडिलांनी सावनी लावलेली. दरवर्षी ती पांढरी पडायची. मग कुणीतरी उठवलं, या झाडामुळे पोरं आजारी पडतात. तोडलं! “बाबा काही बोलले नाहीत,” मॅडम म्हणाल्या, “पण नळावर जाताना ते मान वर करायचे नाहीत.” एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि परत कामाला लागल्या.

आणि मेहनत म्हणाल तर सूर्य डोक्यावर यायच्या आत तिपाईवर चढून उभ्या. उद्या उमलणारी कळी आजच हळूच उघडायची, चिमट्याने आतले पुंकेसर एकेक करून काढायचे, ब्रशने दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, वर बटर पेपरची पिशवी बांधायची आणि चिठ्ठी अडकवायची. आई कोण, बाप कोण, तारीख काय, सगळं वहीत. आमच्या आगरी गावात सोयरीक जमवतानासुद्धा एवढी चौकशी नाही होत! अशी किती वर्षं गेलेली त्यांची. त्यातून शेवटी एकशे चाळीस रोपं उभी राहिली, कमरेएवढी. प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर.

आता माझी एक खोड सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यापायी झालं. शिकलेला माणूस काही समजावून सांगायला लागला की माझी मान आपोआप हलते. कळलं तर हलतेच. नाही कळलं तर जास्त हलते!

मी कामाला लागलो त्याच दिवशी मॅडमनी मला सगळा प्रयोग अर्धा तास समजावलेला. या ओळी कशाला, त्या ओळींमध्ये ठेवलेल्या कुंड्या कशाला, वहीत काय मांडायचं. मी मान हलवतोय, हलवतोय. आणि लक्ष कुठे? कुंपणापाशी एक शेळी तार चावत होती, तिच्याकडे.

“कळलं ना म्हात्रे?”

“एकदम मॅडम!”

पावसाळा संपला आणि मॅडमना महिनाभर विद्यापीठाच्या मुख्य केंद्रावर शिकवायला जावं लागलं. जाताना थोड्या काळजीत होत्या. महिन्याने परत येतील तेव्हा त्यांच्याबरोबर विद्यापीठातले त्यांचे वरिष्ठ, मोठे सर येणार होते, प्लॉट बघायला. जागेचा करार संपत आलेला. मालकाला बिल्डर भेटलेला. प्रयोगात दाखवण्यासारखं काही निघालं तर जागा राहणार, नाहीतर झाडांसकट सगळं गुंडाळायचं. एवढ्या वर्षांचं काम!

“म्हात्रे,” त्या म्हणाल्या, “झाडांना पाणी द्या. दर आठवड्याला वहीत लिहा कुणावर किती भुरी आहे. बाकी काही करू नका. काहीही करू नका.”

मान हलली.

चार दिवसांत बघतो तर काय, पानांवर पांढरे ठिपके! आज दहा रोपांवर, उद्या वीस. माझं धाबं दणाणलं. अहो, बाईंनी पोटच्या पोरांसारखी वाढवलेली रोपं, आणि ती माझ्या ताब्यात असताना आजारी पडतायत! त्यात माझं लक्ष गेलं त्या कुंड्यांकडे. ओळींच्या मध्ये मध्ये बारा कुंड्या ठेवलेल्या, सगळ्यांत पांढरी फटक रोगट सावनी. म्हटलं, बघा! शेडमध्ये जागा नसेल म्हणून मॅडमनी इथे ठेवल्या असतील आणि बिचाऱ्या विसरल्या असतील. इतकी हुशार बाई, पण एवढं साधं लक्षात नाही आलं! असं मी मनात म्हटलं हां. देवा, माफ कर.

हातगाडी काढली, बाराच्या बारा कुंड्या त्यात घातल्या आणि पडक्या भिंतीमागे नेऊन ठेवल्या. घाईघाईत गाडी वळवताना कडाड! एक रोप मोडलं. सत्त्याऐंशी नंबर. वीतभर खुंट राहिला फक्त.

आता? मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शेळीशिवाय साक्षीदार नव्हता. खुंट मातीसकट उकरला, तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात बसवला आणि भिंतीमागे त्या आजारी कुंड्यांच्या मधोमध लपवून ठेवला. म्हटलं, फुटलाच तर मॅडम यायच्या आत गुपचूप जागेवर लावू. वहीत मात्र प्रामाणिकपणे लिहिलं, सत्त्याऐंशी, मृत. अर्धाच प्रामाणिकपणा, पण होता!

मग मी गेलो मोहन्याला, माझ्या मेव्हण्याकडे. दिनूची तिथे छोटी नर्सरी. त्याला पान दाखवलं.

“भावजी, यात काय एवढं? गंधक मारा गंधक!” दिनू म्हणाला. “पहाटे पानावर दंव असतं ना, तेव्हा पूड फडक्यात बांधायची नि काठीने टपटप हाणायची. पंधरा दिवसांत पान बघा कसं लकाकतं.”

“पण मॅडम म्हणाल्या काही करू नका.”

“अवो, बाई मानुस! तुमाला तरास नको म्हणून बोलली असंल.”

पटलं की मला! एकदम पटलं! मला त्रास नको म्हणून बोलल्या असणार. मग तर करायलाच हवं.

दिनूने अर्धं पोतं गंधक दिलं. ते मी घरी आणून पलंगाखाली ठेवलं. सुनंदाची, म्हणजे आमच्या मंडळींची, एक जुनी मलमलची ओढणी पळवली आणि रोज उजाडताना ओळीने टपटप, टपटप. एकशे एकोणचाळीस रोपं! डोळे झोंबायचे, नाकात पिवळी पूड, शिंका काय, खोकला काय. पण एक दिवस खाडा नाही. शेजारचा शेतकरी कुंपणाशी येऊन विचारायचा, “काय रं, पगार वाढला का?” मी म्हणायचो, “सेवा आहे ही, सेवा!”

घरी मात्र वेगळंच चाललेलं. एक दिवस सुनंदा पाय पुढे करून उभी.

“अहो, माझी जोडवी काळी पडली!”

“घाम येत असेल.”

दोन दिवसांनी देव्हाऱ्यातली चांदीची लक्ष्मी काळी. मग निरांजन काळं. मग बाळाचा वाळा काळा. सुनंदाने कपाळावर हात मारला. “घरात काहीतरी शिरलंय,” म्हणाली. सासूबाईंनी मोहन्याहून लिंबू-मिरची पाठवली. ती आम्ही दाराला टांगली, आणि पोतं पलंगाखाली तसंच! आता कळतं, गंधकाने चांदी काळी पडते. तेव्हा मी पण लिंबाला नमस्कार करून कामाला जायचो.

पण झाडं! काय सांगू! पंधरा दिवसांत ठिपके गायब, वीस दिवसांत पानं तुकतुकीत. वहीत मी टेचात शून्यं मांडत सुटलो. शून्य म्हणजे रोग नाही. शाळेत जेवढी शून्यं मिळाली नव्हती तेवढी त्या वहीत मी स्वतःच्या हाताने काढली.

मोठे सर येणार त्याच्या आदल्या दिवशी मी एकूण एक पान पाण्याने धुऊन काढलं. वरचा पिवळेपणा गेला, खालचं हिरवं चमकायला लागलं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला पण एवढी तयारी होत नसेल.

जीप आली. पुढे मोठे सर. साठीच्या पुढचे, धोतर-टोपीच तेवढी बाकी, असे पक्के पुणेरी. शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मागून मॅडम. मॅडमचा चेहरा उतरलेला, महिनाभराचा थकवा दिसत होता.

सरांनी पहिली ओळ बघितली. दुसरी बघितली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“अहो बाई, हे काय नवल म्हणायचं! एकशे एकोणचाळीस रोपं आणि एकाही पानावर ठिपका नाही? आजवर असं पाहिलेलं नाही मी! हा प्लॉट सोडायचा प्रश्नच नाही. आज संध्याकाळीच लिहितो!”

माझी छाती काय फुगली म्हणता! शर्टाचं वरचं बटण तुटायचं बाकी राहिलं. मी मॅडमकडे बघितलं. म्हटलं, आता रडतील आनंदाने.

मॅडम हसल्या पण नाहीत. सर पुढे गेले, त्या मागे थांबल्या. एक पान तोडलं. उलटं केलं, सुलटं केलं, मग नाकापाशी नेलं.

“म्हात्रे, मध्ये ठेवलेल्या रोगट कुंड्या कुठे आहेत?”

“हलवल्या मॅडम! भिंतीमागे. उगाच चांगल्या पोरांना लागण नको.”

मॅडमनी डोळे मिटले.

“आणि गंधक?”

मी खूश! बाईंनी नुसत्या वासावरून ओळखलं! “रोज मारलं मॅडम! पहाटे पहाटे. एक दिवस खाडा नाही!”

मग हळू आवाजात, अगदी लहान पोराला सांगावं तसं म्हणाल्या, “म्हात्रे, त्या कुंड्या मी मुद्दाम मध्ये ठेवलेल्या. सगळ्या रोपांना रोग लागावा म्हणून. ज्यांना लागेल ती काढून टाकायची. आजाऱ्यांच्या शेजारी राहूनसुद्धा ज्याला लागणार नाही, तेच झाड मला हवं होतं. ही परीक्षा होती त्यांची. तुम्ही अख्ख्या वर्गाला उत्तरं सांगितलीत.”

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना? माझी नुसती सरकली नाही, विहिरीत गेली.

“मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही मान हलवलीत.”

“मॅडम, मी तेव्हा शेळी बघत होतो.”

आणि मी काय केलं असेल? अजून एक शहाणपणा! त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, “मॅडम, सरांना कशाला सांगायचं? त्यांना थोडंच कळलंय! जागा तर वाचेल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता हो त्या नजरेत. राग असता तर बरं झालं असतं.

“त्यांना नाही कळलं,” त्या म्हणाल्या. “पण मला कळलंय ना.”

आणि तरातरा चालत सरांकडे गेल्या. “सर, लिहू नका. हा निकाल नाही. मी नसताना रोपांना गंधक मारलं गेलंय, रोगट कुंड्याही हलवल्यात. सूचना देण्यात मी कमी पडले.”

मी कमी पडले! ऐकलंत? माझं नाव नाही घेतलं बाईंनी! दहा पावलांवर मी उभा, अंगावर अजून पिवळी पूड, आणि त्या म्हणतायत मी कमी पडले. मला रडूच फुटलं. खोटं कशाला सांगू?

सरांनी पेनाला टोपण लावलं. “मग बाई, मी लिहू काय? मला आज वर कळवायचंय. तुमचा जागामालक एका पायावर तयार आहे बिल्डरला द्यायला.”

“जे आहे ते लिहा सर.”

मी नाक ओढतोय. संपलं सगळं! एका बाईची एवढी वर्षं, ठाकुर्लीच्या चाळीतलं ते नळाजवळचं झाड, सगळं मी मलमलच्या ओढणीत बांधून झटकून टाकलेलं.

आणि तेवढ्यात मोठ्या सरांना लागली. आता त्यांना साखरेचा त्रास, तासाला एकदा जावंच लागायचं. सर ड्रायव्हरला म्हणाले, “इथे सोय कुठे?” आणि त्या ड्रायव्हरने बोट दाखवलं कुठे? भिंतीमागे!

माझं रडणं-बिडणं सगळं थांबलं. तिकडे तो डबा! मोडलेला सत्त्याऐंशी नंबर! तो तर मी पार विसरलेलो. एक पाप उघडं पडलं ते कमी होतं का?

“सर, तिकडे नको!” मी आडवाच गेलो. “साप आहेत!”

“अहो, माझ्या वयात साप परवडतो,” सर माझ्या बाजूने निघून जात म्हणाले, “थांबणं परवडत नाही.”

गेले. आम्ही वाट बघतोय. एक मिनिट झालं, दोन झाली. मला वाटलं खरंच साप निघाला की काय! मग भिंतीमागून आवाज आला.

“गायकवाड बाई! इकडे या! ... नाही, थांबा! एक मिनिट तिथेच थांबा! ... हां. आता या!”

आम्ही धावलो. बाराच्या बारा कुंड्या पांढऱ्या फटक, पानंच्या पानं वाळून गळलेली. आणि बरोब्बर मध्ये तो तेलाचा डबा. त्यातल्या खुंटाला चार नवे धुमारे फुटलेले, कोवळे, लालसर हिरवे, स्वच्छ! एक ठिपका नाही. खाली बिल्ला लोंबकळत होता, सत्त्याऐंशी.

मॅडम तिथेच चिखलात मांडी घालून बसल्या. कसला चिखल ते विचारू नका. पिशवीतून भिंग काढलं आणि एकेक पान बघायला लागल्या. वरून, खालून, देठापाशी.

“म्हात्रे, वहीत तर सत्त्याऐंशी मृत आहे.”

“माझ्या हातून मोडलं मॅडम. म्हणून लपवलं.”

“किती दिवस इथे आहे?”

“तुम्ही गेल्यावर चार-पाच दिवसांनी ठेवलं.”

“याला गंधक मारलंत?”

“नाही मॅडम.”

“खरं?”

“आईशपथ!”

“पाणी?”

“मी नाही दिलं. पंपाचा पाइप गळतो इकडे, तेवढंच. आणि मॅडम, भिंतीमागे येणारे-जाणारे लोक...”

मोठे सर जोरात खोकले.

“म्हणजे तुम्ही याची काय काळजी घेतलीत?”

“काहीच नाही मॅडम. विसरूनच गेलेलो.”

आणि त्या दिवशी पहिल्यांदा मॅडम हसल्या. हसता हसता डोळे पुसले. “सर, भुरी सगळ्यात आधी कोवळ्या पानावर धरते. हा खुंट बारा रोगट झाडांच्या मधे बसून कोवळा फुटलाय. तरी एका झाडावर मी काही सिद्ध झालं म्हणणार नाही. योगायोग असू शकतो. मला अजून दोन हंगाम द्या. सगळी रोपं पुन्हा, गंधकाशिवाय.”

सरांनी पेनाचं टोपण काढलं. “बाई, मघाशी तुम्ही गप्प बसला असता तर मी एकशे एकोणचाळीस झाडं खरी मानली असती,” ते म्हणाले. “आता मी या एकावर विश्वास ठेवतो, तो तुम्ही गप्प बसला नाहीत म्हणून. दिले दोन हंगाम.”

मी तिथेच मॅडमच्या पाया पडायला वाकलो. त्या मागे सरकल्या. “म्हात्रे, कृपा करून कशालाही हात लावू नका!”

पुढच्या हंगामात त्या रोगट कुंड्या परत ओळींमध्ये ठेवायचं काम मॅडमनी मलाच दिलं. काय जिवावर आलं माझ्या! रोज बघायचो, माझी लाडकी, मलमलने गोंजारलेली रोपं एकेक करून पांढरी पडतायत. एकशे एकोणचाळीसच्या एकशे एकोणचाळीस! कुणी कमी, कुणी जास्त, पण सुटलं कुणीच नाही. आणि तो डब्यातला लंगडा सत्त्याऐंशी? त्या हंगामात नाही, त्याच्या पुढच्या हंगामात पण पानाला डाग नाही.

काही वर्षांनी त्याला पहिला तुरा आला. जांभळट गुलाबी, भरगच्च, तामणासारखी झालरीची पाकळी. मॅडमनी तुरा तोडला नाही, नुसता हाताने सावरून धरला. दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन आल्या. म्हातारे फिटर काठी टेकत आले आणि झाडासमोर मान वर करून किती तरी वेळ उभे राहिले. मी लांबूनच बघितलं. जवळ जायची मला परवानगी नव्हती.

मग त्याची कलमं झाली. ठाण्यात लागली, कल्याणात लागली. रोपाबरोबर एक छापील कागद द्यायचे. त्यात शेवटची ओळ होती, ‘निगा : फारशी लागत नाही.’ मॅडम मला म्हणाल्या, “म्हात्रे, ही ओळ तुमची. तुमच्याशिवाय कळलीच नसती.” माझं विज्ञानातलं योगदान म्हणाल तर एवढंच!

पुढे आम्ही डोंबिवलीला फ्लॅट घेतला. एका रविवारी मॅडम स्वतः एक कलम घेऊन आल्या, आमच्या बिल्डिंगसमोर लावायला. स्वतः खड्डा केला, स्वतः माती ओढली. मी कुदळ द्यायला गेलो तर म्हणाल्या, “राहू द्या.” वर चहा झाला. निघताना सुनंदाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “वहिनी, लक्ष ठेवाल ना?”

“अहो, म्हणजे काय!” सुनंदा म्हणाली. “रोज दोन तांबे पाणी घालीन, खत घालीन.”

“झाडाचं नाही म्हणत मी,” मॅडम म्हणाल्या. “ते बघून घेईल स्वतःचं. आमच्या म्हात्रेंना तेवढं त्याच्या जवळ जाऊ देऊ नका.”

आज ते झाड पहिल्या मजल्यावर आलंय. बहर आला की अख्खी गल्ली थांबून बघते. आणि मी? मी नुसता हातात तांब्या घेऊन जिना उतरलो ना, की वरून गॅलरीतून, सगळ्या सोसायटीसमोर, हाक येते, “अहो! मागे फिरा! आणि तांब्या दाखवा आधी, पिवळं काही नाही ना त्यात?”